उंदरापर्यंत आलंय

“उंदरापर्यंत आलंय, माणसापर्यंत यायचंय.” एवढं म्हणून तो पेपरची घडी घालायचा आणि वर चष्मा ठेवायचा. म्हणजे आजचं संपलं, उठा.

मी चौथी नापास. पण वडीगोद्रीच्या आसपास तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवावं ते मीच. नारळ उभा राहिला की तिथं बोअर. हॉटेलातल्या बाकड्यावर माझी जागा ठरलेली, लोक तिथंच विचारायला यायचे. मंग हा पेपर वाचणारा आला. जालन्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई होता, काचेच्या नळ्या धुवायचा. रिटायर होऊन गावी आला तर लोक त्याला सर म्हणायला लागले. नळ्या धुऊन सर!

तुमच्याही गावात असा एक असंल. रोज पेपरातलं नवं संशोधन वाचायचा. कॅन्सरच्या गाठीशी लढायला अंगातल्याच पेशींना शिकवतात. आपल्या आतड्यात जंतूंचं अख्खं गाव नांदतं. औषधाची बातमी आली की कुणीतरी विचारायचं, मेडिकलवर कधी येईल? की ह्याचं ते उंदराचं वाक्य. लोक हसायचे, तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच भोवती. माझ्या बाकड्यावर पिशव्या ठेवायला लागले.

एकदा त्यानं वाचलं, आभाळात फार लांब दोन जडशीळ गोळे एकमेकांवर आदळले, त्याची थरथर पृथ्वीतून जाऊन गेली. ती पकडायचं यंत्र आपल्या हिंगोलीकडं बांधून राह्यलेत. मी म्हणालो, एवढा खर्चा कशाला, जमिनीतली थरथर माझा हात कधीची पकडतो.

तो हसला न्हाई. म्हणाला, “मंग डोळे बांधून दोनदा बघा, तात्या. नारळ दोन्ही वेळा एकाच जागी उठला, तर मी पेपर वाचणं सोडतो.”

सगळं हॉटेल हसलं. मी चहा तसाच ठेवून उठलो. आठ दिवस तिकडं फिरकलो न्हाई.

नवव्या दिवशी माझ्याच रानात उपरण्यानं डोळे बांधले. आमच्या म्हातारीनं कोपर धरलं. नारळ उठला तिथं तिनं दगड ठेवला. पुन्हा फिरलो, पुन्हा उठला, पुन्हा दगड. उपरणं सोडलं. एक दगड मोसंबीच्या पहिल्या झाडाशी, दुसरा पार खालच्या कोपऱ्यात. आणि बांधावर तो उभा. बाकडं रिकामं दिसलं म्हणून बोलवायला आल्ता.

दोन्ही दगड त्यानं पाहिले. खाली उतरला, एक उचलला आणि बांधावर नेऊन ठेवला.

“चला, चहा थंड होतो,” म्हणाला.

हॉटेलात तो त्या दगडांबद्दल कधी बोलला न्हाई. शेवटपर्यंत न्हाई. त्यानं मी जास्तच जळलो. माणसानं एखाद्या बाबतीत तरी माझ्यापेक्षा लहान असावं का न्हाई?

दिवाळीनंतर तो गेला. झोपेतच. खांद्यावर तिरडी होती आणि मी मागं वळून बघून राह्यलो, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का. खोटं कशाला लिहू.

परवा एकानं पाणी बघायला बोलावलं. मी म्हणालो, माझे डोळे बांध, दोनदा बघतो. तो गेल्यावर का होईना, त्याला हरवायचं होतं.

उपरणं सोडलं. दोन दगड, दोन जागी.

“तात्या, मंग बोअर कुठं घेऊ?” रानाचा मालक विचारून राह्यला.

मी बांधाकडं पाहिलं. दगड उचलायला तिथं कोणी नव्हतं.