टाकीवरचं नाव

तांब्या भरून मी पुढे केला, तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे आले होते. माझं आडनाव ऐकलं आणि ते मागे गेले.

"ठेवा तिथं खाली," ती म्हणाली.

मी ठेवला. तिने कामवालीला हाक मारली. "सांडून दे हे. आन् तांब्या चिंचेनं घास. दोनदा."

माझ्यासमोर पाणी मोरीत गेलं. मी सत्तरीची बाई, आयुष्यभर इंग्रजीतून केमिस्ट्री शिकवलेली. ओल्या फरशीवर उभी राहून ते जाताना पाहत राहिले.

अन्वी, निहार, हे अकोल्याला घडलं, मागच्या हिवाळ्यात. तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. तुम्ही हळहळला असता आणि मी "जाऊ दे" म्हटलं असतं. म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते.

तुमची वंदनाआत्या आणि मी बडनेऱ्याहून काचा धुण्याचा धंदा चालवतो. माणसं आणि लांब दांड्यांचे ब्रश ती सांभाळते. पाणी माझ्याकडे. अकोल्याकडचं बोरचं पाणी खारं. काचेवर वाळलं की मीठ मागे राहतं, पांढरे ठिपके पडतात. म्हणून घरामागच्या शेडमध्ये आम्ही नळाचं पाणी आधी गाळतो, मग आरओतून काढतो, मग उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यांतून सोडतो. शेवटी क्षार मोजायचं मीटर बुडवायचं. शून्य आलं तरच टाकीत भरायचं. हे पाणी काचेवर मारलं की पुसायचं नाही. आपोआप वाळतं, डाग राहत नाही. प्रत्येक टाकीचा आकडा मी वहीत लिहिते. टाकी काठोकाठ भरायची, हाही माझाच नियम. अर्धी भरली तर पाणी आत हेलकावतं आणि वळणावर टेम्पो एका अंगाला ओढतो.

टेम्पो देवीदास चालवतो. घर फुलं-भाजी पिकवणारं, हा मात्र चाकावर रमलेला. टाकीवर एक निळा थेंब आणि फोन नंबर. नाव नाही. वंदना म्हणाली होती, "आई, आपलं नाव टाकू." मी म्हटलं, थेंब पुरे. का, ते तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

तर अकोल्यातली ती चार मजली नवी इमारत. खाली कपड्यांचं दुकान, वर राहणं, समोरून सगळी काच. दोन दिवसांनी वास्तुशांत. काम पसंत पडलं तर वर्षभर आम्हीच येणार, असं मालकाने वंदनाला सांगितलं होतं. धंद्यातलं आमचं सगळ्यात मोठं काम. म्हणून टाकीबरोबर मी स्वतः गेले.

दुपारपर्यंत काच अशी झाली की पाखरू धडकावं. मालकाची आई खाली आली. सगळे तिला आईसाहेब म्हणतात.

"बाई, पुसून तं नाई राहिले तुमी. मंग डाग कसा नाई?"

देवीदास हसला. "मॅडमच्या पान्यात मीठच नाई, आईसाहेब."

"अस्सं? मंग मले द्या तांब्याभर. आमच्या चांदीच्या देवावर पांढरं चढून राहिलं."

स्वतःच्या हाताने तिने देवघरातला तांब्या आणून दिला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पहिली धार सोडून दिली, मग भरला. तिने नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं. ही माझी जुनी सवय.

"अवो, ते झालं. आडनाव? कोनापैकी तुमी?"

आडनाव सांगितलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

मालक दारातच होता. शिकलेला, नीटनेटका माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाला, "डोन्ट माइंड, मॅडम. ओल्ड जनरेशन."

मी म्हटलं, "इट्स ऑल राइट."

उच्चार अगदी स्वच्छ. ती ओल्ड जनरेशन माझ्याच वयाची होती.

तांब्या मोरीत रिकामा झाला ते तिचं काम. पण हे तीन शब्द माझे. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. मला स्टाफरूममधला माठ आठवत होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यातलं पाणी प्यायले आणि एका बाईंनी मी ठेवलेला ग्लास उचलून नळाखाली धरला. दुसऱ्या दिवसापासून मी घरून बाटली नेली. निवृत्त होईपर्यंत नेली. कोणी विचारलं तर सांगायची, घसा नाजूक आहे. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच सरकले. आणि त्याला व्यवस्थितपणा म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाचा फोन. काच पांढरी पडली. खालपासून वरपर्यंत ठिपके. "मॅडम, तुमच्या पाण्यात खोट होती."

मी वही उघडली. कालची टाकी, शून्य. वंदना घाबरली. मी नाही. त्या काचेवर मीठ आमचं नव्हतं, एवढी केमिस्ट्री मला येते. देवीदासने तिथल्या वॉचमनला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अरे बापू, तुमी गेले आन् आईसाहेबानं मले पाईप धराले लावला. गोमूत्र शिंपडलं अन् सारी काच बोरच्या पान्यानं धुवाले लावली. दोन घंटे पानी मारून राहिलो मी!"

माझ्या हाताचं काचेवर काही राहू नये म्हणून त्यांनी ती बोरच्या पाण्याने धुतली होती. आणि राहिलं ते त्यांच्याच बोरचं मीठ.

मी मालकाला फोन केला. काच कशाने धुतली ते मला कळलंय म्हटल्यावर तो चपापला, पण लगेच सावरला. "आईने मनाच्या समाधानासाठी जरा पाणी मारलं, मॅडम. तुम्ही समजदार आहात. उद्या सकाळी पाहुणे येणार. आजच्या आज टाकी पाठवा." मग आवाज खाली आला. "फक्त तुम्ही कष्ट घेऊ नका. ड्रायव्हरच बरा."

शेडबाहेर टाकी भरून उभी होती. काठोकाठ. वंदना माझ्या तोंडाकडे बघत होती. देवीदास किल्ली फिरवत म्हणाला, "मॅडम, मी एकटा जाऊन येतो ना. काय होते?"

काय होते! माझंही सगळं आयुष्य याच दोन शब्दांवर चाललं होतं. बाटली नेली, काय होते. नावाऐवजी थेंब रंगवला, काय होते.

"हॅलो? मॅडम? प्लीज अंडरस्टँड..."

इंग्रजी माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते परत गिळलं. माझी आई ज्या बोलीत भांडायची, ती मी कॉन्व्हेंटमध्ये गेल्यापासून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"नाई येत. मी नाई, देवीदास नाई, पानी बी नाई. तुमच्या मायनं धुतलेली काच हाय. पाहुन्यायले तेच दाखवा."

फोन ठेवला.

"आई, वर्षाचं काम होतं," वंदना म्हणाली. एवढंच. नंतर तिनेच जाऊन देवीदासकडून किल्ली घेतली.

ते काम गेलं. त्या मालकाच्या ओळखीतली आणखी दोन गेली. त्या माणसाने माफी मागितली नाही, मागणारही नाही. त्या आईसाहेब माझ्याआधी गेल्या काय, नंतर गेल्या काय, त्यांना कळणार नाही की त्यांनी काय केलं. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

त्याच आठवड्यात राजापेठेतला पेंटर बोलावला. थेंब पुसायला लावला. मी कागदावर लिहून दिलेलं नाव त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आडनाव थोडं बारीक घेऊ का? बसत नाई टाकीवर."

"नाव बारीक घ्या," मी म्हटलं. "आडनाव मोठं."

आता तुमच्याबद्दल. तिकडे परदेशात जाताना तुमच्या बाबाने आडनाव गाळून आजोबांचं नाव शेवटी लावलं. तुमच्या दप्तरांवरही तेच आहे. तुम्हाला वाटत असेल, तिकडच्या लोकांना उच्चारायला सोपं म्हणून. नाही. ते मी सुचवलं होतं. या घरात ती बाटली मी आणली आणि तुमच्यापर्यंत मीच पोचवली. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी माझं ठरवलं आहे.

टेम्पो रोज ते आडनाव घेऊन बडनेऱ्याहून निघतो. यापुढे कोणी तांब्याभर पाणी मागितलं तर मी आधी टाकीकडे बोट दाखवीन. वाचा म्हणेन. मोठ्याने वाचा. मग तांब्या पुढे करा. नाहीतर तुमची बोर आहेच.