राखीची टी.सी.

शुक्रवारी सकाळी देवाची पितळी भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. समई, घंटा आणि ताम्हण लख्ख झालं होतं. निरांजनं आणि बाळकृष्णाचा पाळणा काळाच होता. तेवढ्यात राखी आली. चपला काढायच्या आधीच दारातून ओरडली, "काकू, लागला नंबर! इलेक्ट्रिशियन! पयलाच पर्याय!"

आज रविवार. उरलेली भांडी अजून मोरीजवळ तशीच पडली आहेत, चिंच वाळून कडक झाली आहे.

रोज या वहीत मी वर देवाचं नाव लिहिते आणि खाली दिवसभराचं. आज राखीचं लिहिते. कारण तिच्याबद्दल कॉलेजच्या रजिस्टरात जे लिहून ठेवलं आहे ते खोटं आहे, आणि ते तिथवर पोचलं ते माझ्या हातानं.

राखी फुलसिंगभाऊंची मुलगी. दिग्रसपासून सात किलोमीटरवर त्यांचा तांडा. पाचवीपासून ती आमच्या अर्पिताच्या वर्गात. शाळा बाराला सुटायची आणि तांड्याची एस.टी. साडेपाचला. मधले तास ती आमच्या ओट्यावर काढायची. पहिले आठ दिवस उंबरा ओलांडला नाही. मी म्हटलं, "काय वं, आत यायले तुले पत्रिका पायजे का?" तेव्हा आली. मग आमच्या घरची भाजी तिला माहीत, माझे उपासाचे वार तिला माहीत.

सातवीत असताना माझा मिक्सर बंद पडला. मी दुकानात न्यायला पिशवीत भरला, तर म्हणाली, "काकू, उघडून पाहू का?" खालचं काळं चाक तुटलं होतं. तिनं ते नवं आणायला लावलं आणि स्वतः बसवलं. त्यानंतर कंपासपेटीत पट्टीच्या शेजारी टेस्टर राहू लागला. गुरुवारच्या भजनाला माईक खरखरला की सगळे राखीकडे बघायचे. तांड्यावरची डीपी जळाली, तेव्हा लाईनमन देवसिंग आठ दिवसांनी आला. ही दिवसभर खांबाखाली उभी राहून त्याला पाने-पक्कड देत होती आणि एकेक तार विचारत होती. देवसिंग वैतागला. "पोरी, मले काम करू देतं का परीक्षा घेतं?"

तांड्यावरच्या बायका हसायच्या. "खांबावर लुगडं नेसून चढशीन का?" ही म्हणायची, "लुगडं तुमी सांभाळा, मी ड्रेस घालून चढीन."

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी पास एवढं पुरत नाही, गणित आणि विज्ञान दोन्हींत पास लागतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं ते घराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. गणित तिला जड जायचं. दहावीच्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात अर्पिता पोळ्या लाटता लाटता तिला समीकरणं सांगायची, पोळ्यांचे नकाशे व्हायचे. गणितात बावन्न आले. विज्ञानात एकोणसत्तर. मी देवाला साखर ठेवली.

निकालानंतर तिची आई मोतीबाई आमच्याकडे आली. फुलसिंगभाऊ पुण्याकडे बांधकामावर असतात, घरचं सगळं तीच पाहते. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी. "बाई, आमच्या घरी उंदरं कुरतडते. तुमच्या देवापाशी ठेवा. तुमच्यापरीस भरोशाचं कोन हाय मले?" मी देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात पोथ्यांसोबत ती पिशवी ठेवली.

आता देवराव सरांचं लिहायला हवं. ते इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इतिहास शिकवतात. अकरा वर्षांपासून आमच्या घरच्या भजनात हार्मोनियम वाजवतात. माझा सख्खा भाऊ नाही, म्हणून अकरा वर्षं भाऊबीजेला मी त्यांनाच ओवाळते.

जून आला की कॉलेजचे मास्तर गावोगाव फिरतात, हे आपल्याकडे नवीन नाही. अकरावीची तुकडी भरली नाही तर बंद पडते, आणि मास्तर अतिरिक्त ठरून कुठंही पाठवले जातात. मग हे लोक निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकलवर निघतात. एस.टी.चा पास काढून देऊ, वह्या देऊ, रोज आलं नाही तरी चालेल, असं सांगत टी.सी. गोळा करतात. ज्याच्या हातात टी.सी., त्याचा विद्यार्थी. हे मला माहीत होतं. पण ते लोक वेगळे आणि आपले देवराव भाऊ वेगळे, अशी माझी समजूत होती.

एकादशीला ते आले. देवाला हात जोडले, भगर-आमटी खाल्ली. मग म्हणाले, "बेबीताई, राखीची टी.सी. तुमच्याकडेच आहे ना? तिच्या शिष्यवृत्तीचं पाहून राह्यलो. झेरॉक्स मारतो आणि संध्याकाळी आणून देतो."

मी डबा उघडला. पिशवीतून दाखला काढून त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी ते आले नाहीत. गुरुवारी भजनाला आले, तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "साहेबाच्या टेबलावर आहे, ताई. चिंता कायले करता?" मी चिंता केली नाही.

शुक्रवारी राखी मोबाईलवरचं पत्र दाखवत होती. यवतमाळची आयटीआय. शनिवारी पाचपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. पहिला पर्याय लागला आणि गेलो नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद, हे पत्रातच छापलेलं. मंगळवारी पत्र आलं होतं, पण घरच्या शेतात डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, चालू होती आणि कागद काकूंच्या देवापाशी आहेत म्हणून ती बिनघोर होती.

"काकू, टी.सी. द्या. उद्या सकाळच्या गाडीनं जातो."

मी हात पुसत म्हटलं, "देवराव सरांकडे आहे. आत्ता मागवते."

तिनं मोबाईल खाली केला. मग हळूच म्हणाली, "त्याहिले काहून देली?"

फोन लावला. "संध्याकाळी आणतो," म्हणाले. संध्याकाळी फोन बंद.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी आणि राखी कॉलेजच्या कचेरीत उभ्या होतो. कारकून बबलू आमच्याच गल्लीतला. राखीचं नाव ऐकलं आणि त्यानं मान खाली घालून रजिस्टर काढलं. अकरावी, कला शाखा, अनुक्रमांक अडतीस. विषय मराठी, हिंदी, इतिहास, राज्यशास्त्र, सगळे भरलेले. खाली पालकाची सही. 'मोतीबाई', सुंदर वळणदार अक्षरात.

राखी रजिस्टरावर वाकली. "बबलूभाऊ, माही याडी अंगठा लावते."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बबलूनं रजिस्टर मिटलं. "मले काही इचारू नका. सर स्टाफरूममधी आहेत."

देवराव सर चहा पीत होते. मला पाहून उठले. "या ताई, बसा."

"भाऊ, टी.सी. द्या. तिला यवतमाळला जायचं आहे. एकची गाडी सापडली पाहिजे."

"आता ती कॉलेजची झाली, ताई. नाव ऑनलाईन चढलं. रद्द करायचं तर पालकाचा अर्ज लागते आणि प्राचार्यांची सही. ते सोमवारी येतीन."

"तुम्ही झेरॉक्स म्हणाला होता."

त्यांनी कप खाली ठेवला. "तीन पोरं कमी पडत होती. तुकडी गेली असती तर मी कुठं गेलो असतो, सांगा? आणि पोरीचं काय वाईट केलं? बारावी होईल. बारावी झाल्यावर आयटीआय करता येत नाही का? दोन वर्षांनी काय ती म्हातारी होते?"

राखी पुढं झाली. "सर, माईक खराब झाला की तुमीच म्हनत होते ना, हे पोरगी नाव काढीन?"

"मग काढ ना! इतिहासातही नाव काढता येते." ते हसले. दुसरे एक सरही हसले.

माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, तुम्ही देवापुढं हात जोडून बोललात."

"ताई, देवाला मधी नका आणू. कागद तुम्ही देला. मी काही डबा फोडला नाही."

ते खरं होतं. त्या खोलीत उभी असताना एक गोष्ट आठवली. आमच्या अर्पिताला अमरावतीला विज्ञान शाखेत घातलं, तेव्हा तिची टी.सी. तिच्या बाबांनी शर्टाच्या आतून नेली. बसमध्येही पिशवीत ठेवली नाही. एकादशीला देवराव भाऊंनी अर्पिताचा कागद मागितला असता, तर मी म्हटलं असतं, हे आल्यावर विचारते. राखीचा कागद देताना मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

एकची गाडी आमच्यासमोरून गेली. आम्ही स्टँडवरच बसलो होतो. राखीनं आयटीआयला फोन लावला. तिथल्या बाई नीट बोलल्या. पाचनंतर जागा जाईल, मधल्या फेऱ्या आता नाहीत. अगदी शेवटी, संस्थेत जागा उरल्या तर, समोरासमोरची एक फेरी होते, त्यात उभं राहता येईल. इलेक्ट्रिशियनची जागा बहुतेक उरत नाही. आणि त्यालाही टी.सी. हातात लागेल.

"कॉलेजवाले सोमवारी देतीन का?" तिनं मला विचारलं.

"घेतल्याशिवाय मी उठणार नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नवीन माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, पहिल्या आठ दिवसांत ओट्यावरून पाहायची तसं. साडेपाचची गाडी लागली. चढताना म्हणाली, "याडीले मी काही सांगितलं नाही. मी गेलती यवतमाळले, असंच समजून राह्यली ते. तुमीच सांगा, काकू. तुमच्यापाशी ठेवलतं तिनं."

खिडकीत बसली, पण हात केला नाही.

आज सकाळी पूजा केली ती अर्ध्या काळ्या भांड्यांतच. देवाकडे काही मागितलं नाही. डबा मी उघडला होता. देवराव सरांची हार्मोनियम आमच्या बैठकीत असते. ती खोळीत घालून ह्यांच्या हाती देवराव सरांच्या घरी पाठवून दिली. हे म्हणाले, "बेबी, अकरा वर्षांचं नातं आहे, सोमवारी काम झाल्यावर पाहू." मी म्हटलं, "काम झालं तरी पाठवायची आहे."

मग वहीतलं मधलं पान फाडून अर्ज लिहिला. माझी मुलगी राखी हिचा अकरावी कला शाखेतील प्रवेश माझ्या संमतीशिवाय झालेला आहे, अर्जावरील सही माझी नाही, तो रद्द करून मूळ दाखला परत मिळावा. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली. बबलूकडून शाईचं पॅड मागून आणलं. देताना तो म्हणाला, "काकू, मी देलं म्हनून सांगू नका." पॅड मात्र नवीन दिलं.

मोतीबाई आधी विचारेल, अर्ज कशाचा. मग विचारेल, दाखला तर तुमच्या देवापाशी होता. त्याच्यापुढं ती काय म्हणेल ते मी मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं. ती काहीच म्हणाली नाही तर काय करायचं, ते मात्र सुचत नाही.

दोनची ऑटो तांड्यावर जाते. मोतीबाईला खरं सांगायचं आहे आणि अर्जावर तिचा अंगठा आणायचा आहे.