पाठ केलेलं लॉजिक

लातूरच्या क्लासला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यावर ‘लॉजिक’ असं लिहिलं. सर फळ्यावर गणित सोडवत आणि म्हणत, “ह्याचं लॉजिक लक्षात ठेवा.” मला वाटलं, लॉजिक म्हणजे सूत्रासारखं काहीतरी असतं, उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं. किनवटकडच्या आमच्या निवासी शाळेत आम्ही सगळंच पाठ करत होतो, ओळीनं बसून, मोठ्यानं.

एके दिवशी सरांनी मला उभं केलं. “का गं, हेच उत्तर का? लॉजिक सांग.”

मी डोळे मिटून वहीतलं लॉजिक म्हणून दाखवलं, शब्दाला शब्द. ते कालच्या गणिताचं होतं. सगळा वर्ग हसला.

सर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “थांब, तुला लॉजिक शिकवतो. निवासी शाळेची पोरं टिकत नाहीत. तू निवासी शाळेची. म्हणून तू टिकणार नाहीस. ह्याला म्हणतात लॉजिक. हे कर पाठ.”

माझ्या शेजारी माझ्याच शाळेतली मैत्रीण बसली होती. पुढच्या आठवड्यात ती गावी गेली ती आलीच नाही. मी दिवाळीपर्यंत राहिले, मग मीही गेले. म्हणजे सरांचं खरं झालं. मला सगळ्यात जास्त तेच सलत राहिलं.

नांदेडला बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं ते सूड म्हणून. लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हा विषय कशाला, असं विचारणारंही कुणी नव्हतं. तिथल्या मॅडम म्हणायच्या, लोक लॉजिक हा शब्द कशालाही चिकटवतात: युक्तीला, सवयीला, स्वतःच्या मताला. तर्कशास्त्र मात्र एवढंच विचारतं, की आधीच्या वाक्यांतून पुढचं वाक्य निघतं का?

मी सरांची तीन वाक्यं वहीत मांडली. निघत होतं. पुन्हा मांडली. तरी निघत होतं. मला रडूच आलं.

मॅडमनी वही पाहिली. “बांधणी बरोबर आहे गं. पण पहिलं वाक्य खरं आहे हे कुणी ठरवलं? ते लॉजिक ठरवत नाही. ते जाऊन बघावं लागतं.”

त्या दिवसापासून मी सरांची वाट बघत होते.

गेल्या वर्षी दहावीच्या मुलींच्या सत्काराला शाळेनं मला बी.ए. झालेली माजी विद्यार्थिनी म्हणून बोलावलं. प्रमुख पाहुणे म्हणून तेच सर आलेले. त्यांच्या क्लासला नव्या मुली हव्या होत्या. ते म्हणाले, “निवासी शाळेतल्या मुली म्हणजे सोनं!” माझी पाळी आली. लिहून आणलेलं भाषण मी घडी करून ठेवलं.  सरांची ती तीन वाक्यं मी माइकवर जशीच्या तशी म्हटली आणि विचारलं, “सर, ह्यातलं पहिलं वाक्य आज मागे घेता का?”

त्यांना मी आठवतही नव्हते. पण हसून म्हणाले, “बघा! मी टोचलं म्हणून ही पेटली. आज बी.ए. झाली. हेच माझं लॉजिक!”

मुलींनी टाळ्या वाजवल्या.  मग मी बोलले ते घरच्या बोलीतच. “माझ्या शेजारी अजून एक होती, सर. तिलाबी तेच टोचलं. ती पेटली न्हाई. लोह्याकडं दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाती. तुमच्या लॉजिकात ती कुठं बसती?”

टाळ्या थांबल्या. सर पाणी प्यायले.

मुख्याध्यापिका बाईंनी मला मागे ओढलं. “पाव्हण्याला असं बोलत्यात का गं? लई शानी झालीस!”

“चुकलं, बाई,” मी म्हणाले. बाईंना म्हणाले, सरांना नाही.

निघताना सरांनी गाडीजवळ मोबाईल काढला. “नाव सांग तुझं. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत टाकतो.”

“आधी ते वाक्य मागे घ्या.”

गाडीची काच वर गेली.

त्या वर्षी शाळेतल्या एकाही मुलीनं तो क्लास लावला नाही, असं नंतर कळलं. ते माझ्यामुळं झालं, की घरच्यांना लातूर झेपलं नाही, मला माहीत नाही. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला शिकवलेलं आहे. तरी मी ते माझ्याच नावावर धरते, आणि मला बरं वाटतं.