नोरीच्या डब्यातल्या चकल्या

पुण्यात बी.ए.ला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. ओसाड माळ, घोंगावणारा वारा, काळोखं घर, आणि प्रेमात झिडकारला गेलेला नायक, जो कित्येक वर्षांनी परत येऊन दोन घराण्यांवर सूड उगवतो. वर्गातल्या आम्ही सगळ्या पोरी त्याच्यावर फिदा होतो. पस्तिशी उलटल्यावर तोक्योतल्या एदोगावा भागात ती पुन्हा वाचली आणि वाटलं, असला माणूस दारात उभा राहिला तर मी आतून कडी लावून घेईन.

पुन्हा वाचली ती घरमालकिणीमुळे. नवऱ्याच्या कंपनीने त्याला तोक्योला पाठवलं होतं. खाली त्या, वर आम्ही. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या, एकट्या. शाळेत असताना त्यांनी ही कादंबरी जपानीत वाचली होती, आता इंग्रजीतून वाचायची हौस होती. मग दर मंगळवारी दुपारी मी खाली जायची. मी वाचायची, अडलं की माझ्या मोडक्या जपानीत समजावायची. मोठ्या भूकंपानंतरची, त्सुनामीनंतरची ती वर्षं. अजूनही मधूनच घर हलायचं. चहाच्या कपावर हात ठेवून त्या मला पुढची ओळ वाचायला सांगायच्या.

नायकाच्या बाबतीत आमचं कधीच जमलं नाही.

"बरोबर केलं त्याने," त्या म्हणायच्या. "अपमान विसरायचा नसतो, ओकुसान." ओकुसान म्हणजे वहिनी; मला त्या तशीच हाक मारायच्या.

"अहो, पण त्याचं स्वतःचंही वाटोळं झालं की!"

"झालं तर झालं."

मला गंमत वाटायची. म्हातारी भलतीच खुनशी आहे, असं मी नवऱ्याला हसत हसत सांगायची.

त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे कुरियरने एक पार्सल आलं. त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि न उघडताच ते माझ्या हातात दिलं. "मला चालत नाही. तुम्ही घ्या." आत नोरी होती, समुद्री शेवाळाचे कागदासारखे पातळ पापड, एका सुरेख पत्र्याच्या डब्यात. आम्ही ती भाताबरोबर खाल्ली. डबा मात्र माझ्या डोळ्यांसमोर राहिला. कुणाचा तरी डबा आपल्याकडे आहे आणि तो रिकामा परत द्यायचा नाही, हे आईने अंगात इतकं भिनवलं होतं की तिथे असे डबे कुणी परत मागत नाही, हे माझ्या गावीही नव्हतं.

दिवाळीत घरमालकीणबाईंना फराळाचं ताट दिलंच. आणि ज्यांनी नोरी पाठवली त्यांना तोच डबा चकल्यांनी भरून पाठवला. पार्सलवरची चिठ्ठी मी जपून ठेवली होती. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी तिच्यावरची, मला वाचता न येणारी अक्षरं मी उतरवली. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या घराचा पत्ता, तोही चिठ्ठीवरूनच, त्या पत्त्यावर जे नाव होतं त्याच्यासकट. कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या मुलीने पार्सल घेतलं आणि मी खुशीत घरी आले.

पुढच्या मंगळवारी वाचन ऐन रंगात असताना त्यांचा फोन वाजला. तो घ्यायला त्या आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या नावाने तुम्ही काय पाठवलंत?"

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी सांगितलं. डबा धाकट्या बहिणीचा होता, आणि आताचा फोनही. यांचं लग्न ज्याच्याशी जवळपास ठरलं होतं, त्या माणसाने बहिणीशी लग्न केलं आणि दोघं उत्तरेला किनाऱ्यावर राहायला गेली. तेव्हापासून बहीण दर उन्हाळ्यात नोरी पाठवायची आणि या कधी उलट भेट पाठवायच्या नाहीत. जपानमध्ये याहून मोठी थप्पड नाही. तो माणूस पुढे आजाराने गेला, तरी या गप्प. त्सुनामीनंतर पेपरातल्या याद्यांत यांनी बहिणीचं नाव शोधलं. ती छावणीत सुखरूप आहे असं कळलं, तरी फोन केला नाही. त्यानंतर नोरीही आली नव्हती, ती थेट या उन्हाळ्यात.

"इतकी वर्षं गप्प राहिले," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही चकल्या पाठवल्यात."

पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं. नंतरच्या मंगळवारी दार उघडलं नाही, त्यानंतरच्याही. जिन्यात भेटल्या तरी नुसती मान लववायच्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. फराळ पाठवला म्हणून कुणी असं वागतं का?

थंडी पडल्यावर एके सकाळी त्याच वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"बहीण त्या दिवशी फोनवर म्हणाली, 'ताई, फार कडक आहेत गं, माझे दात राहिले नाहीत. पण चहात बुडवून सगळ्या खाल्ल्या.' तिचे दात पडले, हे मला माहीतच नव्हतं."

आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना आत घेतलं.

"मऊ काही येतं का तुम्हाला करता?"

आम्ही बेसन भाजलं. त्यांनी स्वतः लाडू वळले, वेडेवाकडे, आणि शिनकानसेन या बुलेट ट्रेनने बहिणीकडे स्वतःच घेऊन गेल्या. आठवडाभराने परतल्या तेव्हा नोरीचा डबा आणला होता, या वेळी स्वतःसाठी.

मी पुस्तक काढलं. शेवटची काही प्रकरणं राहिली होती. सूड घेता घेता नायक थकतो आणि त्याला कशातच गोडी उरत नाही, तो भाग.

"वाचू या?"

"नको," त्या डबा उघडत म्हणाल्या. "शेवट मला शाळेपासून पाठ आहे."