मेंढ्या बसलेल्या रानावरून उपग्रह गेला तेव्हा

आमच्या आटपाडीच्या फेरीची जी कथा कार्यालयात सांगितली जाते, तीत मी धनगरांशी भांडून प्रयोग धोक्यात आणतो. सांगणाऱ्यांपैकी एकही तेथे नव्हता. मी होतो.

सकाळी सातारा सोडला. अद्याप न बांधलेल्या उपकरणाला आकाशातून कोणती जमीन किती उजळ दिसेल, हे सूर्यप्रकाशाच्या हवेतून जाण्यायेण्याचे गणित मांडून आधीच सांगणारे प्रतिरूप मी रचले आहे. माणदेशातील माळावर ते चुकते, असा आक्षेप होता. त्या दिवशी एक जुना उपग्रह डोक्यावरून जाणार होता. त्याच वेळी आम्ही जमिनीचा उजळपणा मोजायचा, गणितात घालायचा. उत्तर उपग्रहाशी जुळले नाही, तर प्रतिरूप बाद.

औंधचा यमाईचा डोंगर मागे पडला. विट्यापुढे ऊस संपून माळ लागला. गाडी माझी सहकारी सुनेत्रा चालवीत होती. चहासाठी मी थांबू दिले नाही. कथेतील तेवढा भाग खरा.

निवडलेल्या पडीक रानात पाहतो, तर मेंढरे बसलेली आणि जमीन लेंड्यांनी काळवंडलेली. राखणाऱ्या बाईंना मी जाब विचारला.

त्या शांतपणे म्हणाल्या, “आवं आबा, रान मोकळं ठिवा म्हणून तुमीच मालकाला सांगितलं न्हवं? मोकळं रान वाया का घालवायचं? खतासाठी त्यानं आमाला बोलावलं.”

रान तात्काळ सोडा, वरून जाणारा उपग्रह थांबणार नाही, असे मी म्हणालो. कोकरे पिऊन झाल्याशिवाय कळप हलणार नव्हता.

“तुमचा वरचा थांबत न्हाई व्हय? मग तुमी तरी थांबा.”

यालाच ते भांडण म्हणतात.

सुनेत्राने शेजारचा स्वच्छ तुकडा सुचवला. आजवर सर्वांनी तसलेच तुकडे मोजून प्रतिरूप चुकते म्हटले होते. मी नकार दिला. उपग्रह सारा माळ पाहतो, आणि या दिवसांत तेथील बहुतेक रानांत मेंढ्या बसवलेल्या असतात. अखेरचे कोकरू उठले, कळप बांधाबाहेर गेला आणि आम्ही लेंड्यांसह जमीन मोजली. शेवटची नोंद होते न होते तोच उपग्रहाची वेळ भरली. मग बाईंनी माडगे (हुलग्याच्या पिठाचे पातळ पेय) दिले. वयामुळे मला वाटी स्थिर धरता येईना. त्यांनी ते पाहिले आणि वाटी अर्धीच भरली.

साताऱ्यात परतल्यावर उपग्रहाचे चित्र मिळाले. गणित जुळले.

अहवालाच्या मसुद्यात कोणीतरी लिहिले होते, ‘मेंढ्यांमुळे व्यत्यय’. मी ते खोडून ‘मेंढ्या बसलेली जमीन’ असे लिहिले आणि मगच सही केली. नवे उपकरण वर जाईल, तेव्हा त्याच्याखाली हीच जमीन असणार आहे.