खिंडीतले काळे दगड

खालच्या बाजारात जीपवाल्याला सगळे 'सेनापती' म्हणत. लढाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. बायकोपुढे तर तो तोंड उघडायच्या आधीच शरण जायचा. पण खिंडीत जीप थांबवून तो पाहुण्यांना जी लढाई सांगायचा, ती ऐकून चांगल्या चांगल्यांच्या अंगावर काटा यायचा. "मूठभर माणसं आणि समोर अख्खी फौज! एकेका शिपायामागे एकेक दगड. काळे कशाने पडले? तोफांच्या धुराने!"

खरं म्हणजे खिंडीपलीकडच्या खोऱ्यात फौज कधी फिरकलीच नव्हती. न्यायला होतं काय तिथे? उघडेबोडके कडे, खडकांच्या फटीत चिकटलेली शेतं, आणि घरं इतकी लांब लांब की हाक मारली तर अर्धी वाराच खाऊन टाकायचा. बर्फ पडला की वाट बंद. कंटाळून एकेक घर खाली उतरलं. उतरताना चुलीचा एक दगड खिंडीत ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं. खोऱ्याचा इतिहास म्हणजे तो ढीग. सेनापतीच्या बापाचाही दगड त्यातच होता.

सुरुवातीला तो हेच सांगायचा. लोक जांभया द्यायचे. एकाने तर विचारलं, "म्हणजे पळून आलात होय?" सेनापतीचे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून तोफा धडाडू लागल्या.

आज पुढच्या सीटवर त्याची आत्या बसली होती, खोऱ्यातलं शेवटचं माणूस. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून अखेर भाच्याकडे राहायला निघाली होती. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला दगड. मागे बर्फ बघून परतणारं एक जोडपं.

"आत्या, ते ओझं मागे टाकू का?"

"मलाच टाक की मागे! हा दादाच्या दगडाला टेकवून ठेवायचाय. तुझ्या बापाच्या. त्याची कड उडालेली आहे बघ, लहानपणी तूच हातोडा घातला होतास."

तोच दगड गेल्या मोसमात सेनापतीने एका पाहुण्याच्या हातात ठेवला होता. "हा बघा गोळ्याचा घाव. घेऊन जा, शूराच्या घरी शोभेल!" कड कशाने उडाली हे त्याला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण पाहुण्याने खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो विरघळला होता.

खिंड आली. "वारा फार सुटलाय, पुढे जाऊ या का?"

"थांबव," आत्या म्हणाली.

तिच्या आधी मागचा नवराच उतरला. "ड्रायव्हरदादा, एक दगड घेतो हं, तुम्ही येताना म्हणाला होतात."

"कशाला हवाय तुम्हाला?" आत्याने विचारलं.

मग त्या भल्या माणसाने तिला अख्खी लढाई सांगितली. तोफा, धूर, काही सुटलं नाही. सेनापती टायर तपासत राहिला.

"आणि जिंकलं कोण?" आत्याने विचारलं.

"इथलेच लोक, आजी!"

"बरं झालं." ती ढिगाभोवती फिरली. कधीकाळी तिच्या खांद्याला लागणारा ढीग आता जेमतेम गुडघ्याएवढा उरला होता. "दादाचा कुठाय रे?"

"दिला."

"कुणाला?"

"नाव नाही विचारलं."

आत्याने अर्धवट सोडलेली फडक्याची गाठ तशीच मुठीत धरली. निदान दोन शिव्या तरी घालेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने पाहुण्याच्या हातातला दगड काढून घेतला. "चुलीची काजळी आहे साहेब. लढाईबिढाई काही झाली नाही इथे. माणसं घरं सोडून गेली, बस." पाहुण्याने बोटाकडे पाहिलं आणि ते गुपचूप पँटला पुसलं.

"आत्या, तू ठेव तुझा. मी लक्ष देईन."

"तू?"

एवढंच म्हणून तिने फडक्याची गाठ पुन्हा आवळली आणि दगडासकट जीपमध्ये चढली. "तुझ्या शेगडीशेजारी ठेवीन. तिथे पाहुणे येत नसतील ना?"

त्याने काळ्या हातानेच गिअर टाकला. मागे न बघता निघायची खोऱ्याची रीत आज त्याच्या पथ्यावर पडली.