आईसाठी भरलेला आवाज

आधीच सांगून टाकतो, मी इंजिनिअर माणूस. अंगात येणं, नजर लागणं, यातलं काही मला आजही पटत नाही. आमच्या सख्ख्या आत्याच्या अंगात यायचं, तर मी तिथून उठून जायचो. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मी वाचक असतो तर मीही हसलोच असतो.

साल नव्याण्णव. कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आणि महेश एका खोलीत राहायचो. मी साताऱ्याचा, तो तासगावचा. त्याचे वडील — अण्णा — एसटीत ड्रायव्हर. महेशने सुटे पार्ट जमवून एक कॉम्प्युटर उभा केला होता. एक दिवस मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्याने त्यात लिनक्स टाकलं आणि विंडोज पार पुसून टाकलं. सगळं चालायचं, फक्त आवाज यायचा नाही. साउंड कार्ड काही केल्या ओळखलं जाईना.

विंडोज होतं तेव्हाच त्याने माईकवर काहीतरी रेकॉर्ड केलं होतं, आणि पुसापुशीत ती फाईल तेवढी जपून ठेवली होती. मी खोलीत नसताना.

"काय भरलंयस रे?" मी विचारलं.

"आईसाठी हाय गड्या. लिनक्सवर वाजवून दावीन, मगच गावाला नेईन. तवर तुलाबी न्हाई ऐकवायचं."

होळीनंतरच्या रविवारी तो कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहायला गेला. मी त्या दिवशी घरी साताऱ्याला होतो. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. लिहायला एवढंच जमतंय.

मे महिन्यात परीक्षा संपली आणि अण्णांचं बोलावणं आलं. तासगावला स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर. खोलीवरून आणलेला कॉम्प्युटर बाहेरच्या सोप्यात टेबलावर होता, त्यावर महेशचा टॉवेल पांघरलेला. आत मधल्या खोलीत त्याची आई बेदाणे निवडत बसली होती. आसपासच्या बेदाण्याच्या शेडवरून बायका निवडायला घरी आणतात तसे. मला बघून मान हलवली, बास.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "पोरगं गेल्यापास्नं ती रडलीच न्हाई रं. बोलतबी न्हाई. नुसतं निवडत बसती. त्यानं तिच्यासाठी कायतरी भरलंय म्हनं... त्येवढं एकदा वाजीव. तिला रडू दे."

मी म्हटलं, "मशीन सांगलीला नेऊ का, अण्णा? तिथे मित्र आहेत, लवकर होईल."

"न्हाई. त्याची वस्तू घराभाईर जायची न्हाई."

नुसती फाईल न्यावी, तर ती फ्लॉपीत मावत नव्हती. मग तिथेच बसलो. मित्राकडून प्लेअर आणि साउंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे नवा ड्रायव्हर, सीडीवर घेऊन आलो होतो. प्लेअर टाकायला घेतला, तर त्याला लागणारी अमुक लायब्ररी फाईल नाही. ती शोधून टाकली, तर तिला आणखी दुसरी हवी. महेशची जुनी सीडी चरे पडलेली, मध्येच अडकायची. पुसून पुन्हा घालायची. ड्रायव्हर मूळ कोडवरून मशीनवरच कंपाईल करावा लागला. त्यात लाईट गेली, पुन्हा पहिल्यापासून. अण्णा शेजारी बाजेवर बसून होते. तीस वर्षं इंजिनाशेजारी काढलेली, त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. आपण ओरडून बोलायचं.

जेवणानंतर कधीतरी प्लेअर उघडला. यादीत फाईल दिसली — aaisathi. क्लिक केलं. एरर नाही! वेळेचे आकडे पुढे सरकायला लागले... आणि आवाज मात्र नाही. स्पीकरची पिन काढून बोट लावलं, तर घूंऽऽ असा आवाज आला. म्हणजे स्पीकर ठीक. वायर ठीक. ड्रायव्हर लोड झालेला. सगळं बरोबर आणि सगळं मुकं. मी तीच फाईल पुन्हा पुन्हा लावत होतो. शेवटी हात टेकले.

"अण्णा, आज काही होत नाही. पुढच्या रविवारी मित्राला घेऊन येतो."

अण्णांनी हात वर केला. "थांब. बंद करू नगंस. बोलतोय त्यो."

आकडे तसेच पळत होते. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. छताच्या पंख्याची करकर तेवढी.

"काय बोलतोय?" मी ओरडून विचारलं.

अण्णा किंचित हसले. "पिठलं केलतं म्हणतोय. करपलं. तरी खाल्लं म्हणतोय, तुझी आठवण काढत." मग कान देऊन बसले. मग चेहरा बदलला. "तोंड दाबलंय म्हणतोय माझं... हात काढा म्हणतोय."

संगमावरचं पाणी डोळ्यांपुढे आलं. म्हातारा माणूस, एकुलता एक मुलगा गेलेला... मनाचे खेळ, दुसरं काय असणार? मी मशीन बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तोंड दाबलंय. म्युट! ड्रायव्हरसोबत आवाज कमी-जास्त करायचा एक मिक्सर आलेला होता, तो मी उघडूनच पाहिला नव्हता. उघडला. तर एकूण एक पट्टी तळाला, आणि प्रत्येकीपुढे म्युटची, म्हणजे आवाज बंदची खूण. तो ड्रायव्हर नव्याने टाकला की सगळे आवाज बंद ठेवूनच सुरू होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. महेशलाही नसणार. ही खटपट करायला तो उरलाच नव्हता.

मी खुणा काढल्या, पट्ट्या वर केल्या, फाईल पहिल्यापासून लावली.

"हॅलो... आये, मी म्हेश बोलतोय. ऐकू येतंय का तुला?"

आतला बेदाणे निवडायचा आवाज थांबला.

"आज पिठलं केलतं बघ. करपलं. तरी खाल्लं, तुझी आठवण काढत..."

मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते. महेशची आई दारात उभी होती, हाताला बेदाण्याचा चिकटा. ती आली, टेबलाशी बसली आणि तिने स्पीकरवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. "येतंय रं बाळा," ती म्हणाली. "येतंय ऐकू." आणि मग ती रडली. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. गल्लीतल्या बायका धावत आल्या. अण्णा उठून मागच्या परड्यात गेले.

ती फाईल पुढे मी कैक वेळा ऐकली. पिठलं आहे. परीक्षेचं आहे, लवकर येतो म्हणून आहे, शेवटी उगाच हसणं आहे. तोंड दाबल्याचं, हात काढण्याचं... ते कुठेच नाही.

कुणी म्हणतं, अण्णांनी सुट्टीत पिठल्याची गोष्ट मुलाकडून ऐकली असेल. असेल. पण दुसरं वाक्य? ते योगायोगाने निघालं म्हणावं, तर इतकं नेमकं?

निघताना स्टँडवर मी त्यांना विचारलं होतं, "अण्णा, तुम्हाला खरंच ऐकू आलं?"

त्यांनी मला गाडीत जागा धरून दिली. खिडकीपाशी उभे राहिले. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "आलं की. पर लय लांबनं... पान्याखालनं आल्यागत."